तुम्ही विचारलंत म्हणून: सायकल हलकी करून एवढा काय फरक पडतो?

हा प्रश्न मला ऑफिसात विचारतात, लग्नात विचारतात, गोळेवाडीच्या नाक्यावर धापा टाकत उभी असते तेव्हा विचारतात, आणि एकदा तर डेंटिस्टने विचारला, माझं तोंड उघडं आणि आत त्याचं मशीन फिरत असताना. प्रश्नाला जोडून एक विनोदही ठरलेला, की सायकलचं वजन कमी करण्यापेक्षा स्वतःचं करा की. हा विनोद पहिल्यांदा ज्याने केला तो बहुतेक नव्वद किलोचा गृहस्थ असणार. माझी उंची पाच फूट एक इंच, वजन ५० किलो. आता यातून काय काढू, हाडं?

खरं सांगायचं तर हलकी सायकल करायची म्हणून मी निघालेच नव्हते, मला मापाची हवी होती. पहिली रोड बाइक घेतली तेव्हा दुकानात सगळ्यात लहान फ्रेम होती ५२ साइजची, आणि दुकानदार म्हणाला सीट खाली घेतो, स्टेम (हँडल धरणारा पुढचा दांडा) आखूड टाकतो, होऊन जाईल ताई. झालं की, दादाचा शर्ट बाह्या दुमडून घातल्यावर होतो तसं. क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, १७० मिलिमीटरचे, हँडल ४२ सेंटिमीटर रुंद म्हणजे माझ्या खांद्यांच्या बाहेर, सहा वर्षं मी ती चालवली आणि सहा वर्षं मान धरायची, मला वाटायचं आपलीच मान तसली. त्यात ती १०.४ किलोची, अॅल्युमिनियमची. तिच्यावरून सिंहगड केला, कात्रजचा जुना घाट तर किती वेळा, पसरणी केला, तक्रार नाही तशी, पण चढावर कायम कुणीतरी मागून शर्ट ओढतंय असं वाटायचं.

मग झालं असं की सगळं जग डिस्क ब्रेककडे (चाकाच्या मध्यावरची चकती दाबणारे) गेलं आणि रिम ब्रेकच्या, म्हणजे थेट चाकाची कड दाबणाऱ्या जुन्या ब्रेकच्या, चांगल्या चांगल्या कार्बन फ्रेम लोकांनी पडत्या भावात काढायला सुरुवात केली. एका गृहस्थांनी मुलीसाठी घेतलेली ४७ साइजची फ्रेम होती, मुलगी शिकायला बाहेर गेली, सायकल गच्चीवरच्या खोलीत. मी जाऊन पाहिली, टॉर्च लावून तडे शोधले, नाण्याने टकटक करून आवाज ऐकला सगळीकडे (जिथे आवाज बद्द येतो तिथे आत काहीतरी बिघडलंय समजायचं), आणि नुसती फ्रेम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) घेऊन घरी आले. त्याच रात्री सासूबाईंचा वजनकाटा ओट्यावरून उचलला. फ्रेम ९१० ग्रॅम, फोर्क ३६५.

त्या काट्याने मला बिघडवलं म्हणायला हरकत नाही. पुढचे चार महिने घरात येणारी प्रत्येक वस्तू त्याच्यावर चढली, बोल्टसुद्धा, आणि कंपनीने लिहिलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यातला फरक मी वहीत लिहून ठेवायचे. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, त्यावर मी भाजणी मोजते, त्याला आता ग्रीसचा वास येतोय."

चाकं मात्र रेडिमेड नाही घेतली, आमच्या पेठेतल्या मेकॅनिक काकांकडून बांधून घेतली. रिम अॅल्युमिनियमचीच, कारण रिम ब्रेक आणि घाटातला उतार म्हटल्यावर कार्बनची रिम तापते आणि मला ती भानगड नको होती. पुढे २०, मागे २४ आरे. काकांनी सगळं खोकं उलटं केलं आणि म्हणाले, "बाकीचे कुठे सांडले?" त्यांच्या तरुणपणी काळ्या सायकलला पुढे ३२, मागे ४० आरे असायचे. पण ५० किलोला एवढे पुरतात हे पटल्यावर मात्र ते दोन दुपारी त्या चाकांना घेऊन बसले. आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढताना ते कुठलंही गेज लावत नाहीत, अंगठ्याचं नख रिमजवळ धरतात, चाक हलकेच फिरवतात, जिथे नख घासलं तिथे थांबून निपलला (आऱ्याच्या टोकाच्या नटाला) पाव फेरा, परत फिरवायचं. मग जवळजवळचे दोन दोन आरे चिमटीत दाबून बघायचे, कुठला सैल कुठला ताठ. जोडीचं वजन १,४६० ग्रॅम भरलं, बाजारात याच्यापेक्षा हलकी मिळतात पण ती दोन वर्षांत एकदाही आऊट गेलेली नाहीत.

बाकी क्रँक १६५ चे, हँडल ३८ चं, ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचा सगळा संच, शिमानो १०५, जुना रिम ब्रेकवाला. पूर्ण सायकल किचनच्या काट्यावर बसेना म्हणून विमानाच्या बॅगा मोजायच्या हुकला टांगली, ७.३ किलो. व्यावसायिक रेसमध्ये युसीआयचा, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, नियम २००० सालापासून ६.८ किलोचा आहे, त्याच्या खाली सायकल चालत नाही, म्हणजे माझी तेवढी नाहीच. इंग्लंडमध्ये हिल क्लाइंबच्या, म्हणजे नुसत्या चढाच्या, छोट्या छोट्या शर्यती असतात ऑक्टोबरच्या आसपास, तिथे हा नियम लागत नाही आणि लोक हँडलचा खालचा बाक करवतीने कापतात, टेप काढून टाकतात, पायडलजवळच्या दोन दातेरी चकत्यांपैकी एक काढतात. वाचायला मजा येते. पण त्यांची शर्यत वर संपते, मला पिठलं-भाकरी खाऊन खालीपण यायचं असतं.

आता फरक. पूर्वी मी, कपडे, बूट, पाणी आणि सायकल मिळून साधारण ६३ किलो वर जात होतो, आता ६०. चढावर इतक्या कमी वेगात वारा फारसा आडवा येत नाही, जवळजवळ सगळा जोर वजन उचलण्यातच जातो, त्यामुळे जोर तोच ठेवला तर वेळ जवळपास वजनाच्या हिशोबात कमी होतो. पाचेक टक्के. सिंहगडाचा घाट मला ५६ मिनिटं लागायचा, त्यातली अडीच-तीन मिनिटं. नव्वद किलोच्या माणसाने तेच तीन किलो कमी केले तर त्याला तीन टक्केच मिळणार, म्हणून त्याला पोटाचा सल्ला बरोबर आहे, मला नाही. आणि चाकातलं वजन दुप्पट मोजायचं असं जे सगळे सांगतात ते एकसारख्या चढावर विसरा, तिथे ग्रॅम म्हणजे ग्रॅम, कुठेही असो.

पण माझी वेळ आली ५० मिनिटं. उरलेली तीन मिनिटं कुठून आली तर वजन वाढवून, हसू नका. आधी मी मागे ११-२८ ची हलकी कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच, सगळ्यात लहान ११ दात्यांची, सगळ्यात मोठी २८) लावली होती, काट्यावर छान दिसायची. नवी सायकल घेऊन पहिल्यांदा गेले आणि तेच, चढ तीव्र झाला की पायडल अडकल्यासारखं, मिनिटाला साठसुद्धा फेरे पडेनात, गुडघे कुरकुरायला लागले. मग ११-३४ टाकली, शंभर-सव्वाशे ग्रॅम जास्त, वर त्यासाठी मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) बदलून लांब केजचा घ्यावा लागला. पुढे ३४ दाते, मागे ३४, म्हणजे पायडलचा एक फेरा चाकाचा एक फेरा. सत्तरच्या वर पाय फिरायला लागले, वर पोचल्यावर लगेच ताक मागायची ताकद शिल्लक. हा एकच बदल जुन्या सायकलवर केला असता तरी अर्धं काम झालं असतं, आणि हे मला कुणी सांगितलं नाही असं नाही, सांगितलं होतं, मी काट्याकडे बघत होते.

दुसरं वजन परत घातलं ते घाबरून. साध्या ट्यूबऐवजी त्या पातळ प्लास्टिकच्या ट्यूब मिळतात ना, ३६ ग्रॅमच्या, साधी शंभरच्या आसपास असते. घातल्या. रविवारी उतरताना पुढे एक जीप, तिच्या मागे सतत ब्रेक दाबून येत होते, रिमला हात लावला तर चटका बसेल इतकी तापली, आणि एका वळणावर पुढचं चाक पिठासारखं मऊ लागायला लागलं. व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब सुटली होती. फुटली नाही हे नशीब, पाय टेकत टेकत कडेला आले. घरी येऊन पाकीट शोधलं तर त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं, रिम ब्रेकला चालणार नाही. दोन्ही चाकांत साध्या ट्यूब परत, १३० ग्रॅम. सीट पण माझी जुनी रुंदच आहे, २४० ग्रॅमची. कार्बनची १२० ची एक आणली होती, खडकवासल्यापर्यंत टिकले.

असं करत करत ती आता साडेसात किलोच्या पुढे गेलीये आणि मान धरत नाही. सगळं जोडून झाल्यावर काकांना दाखवायला नेली तेव्हा त्यांनी नळीखाली दोन बोटं घालून उचलली, परत ठेवली, परत उचलली. मग म्हणाले, "घंटी कुठंय?" आणि ड्रॉवर उपसून छऱ्यांच्या डब्यामागून एक पितळी घंटी काढून हँडलला बसवूनच दिली, नको म्हणायची सोय नाही. घरी येऊन काढून मोजली, ६४ ग्रॅम. परत लावली.