मुळेच्या दोन्ही तीरांवरचा रस्ता

पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्यामध्ये मुळा नदी वाहत असली, तरी दापोडीहून शिवाजीनगरला रोज कामाला जाणाऱ्या माणसाच्या लेखी हे सगळे एकच शहर आहे. कारभाराच्या दृष्टीने मात्र ते तसे नाही. पुणे महापालिका १९५० सालची, पिंपरी-चिंचवड महापालिका १९८२ सालची. मध्येच खडकी कॅन्टोन्मेंटची हद्द लागते. प्रत्येकाचे अंदाजपत्रक वेगळे, पथ किंवा स्थापत्य विभाग वेगळा आणि ठेकेदारही वेगळा.

हे सगळे एकत्र काम करूच शकत नाहीत, हे मला मान्य नाही. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी या दोन शहरांच्या वेगवेगळ्या बससेवांचे विलीनीकरण होऊन पीएमपीएमएल ही एकच बस कंपनी स्थापन झाली आणि तिच्या तुटीचा भार पुणे ६० टक्के व पिंपरी-चिंचवड ४० टक्के असा उचलू लागले. या कंपनीच्या सेवेबद्दल तक्रारी पुष्कळ असतील, पण निगडीहून कात्रजकडे निघालेल्या प्रवाशाला हद्द बदलली म्हणून गाडी बदलावी लागत नाही, हे लहान यश नव्हे.

अडचण सुरू होते ती गाडीतून उतरल्यावर. पदपथाची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नसावी आणि चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी, असे रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे मार्गदर्शन आहे आणि ते दोन्ही महापालिकांसाठी सारखेच आहे. तरीही हद्दीजवळच्या रस्त्यांवर चालताना दिसते ते असे की, दृष्टिहीनांसाठी बसवलेली पिवळी फरशी विजेच्या डीपीपाशी येऊन संपते, पुढचा पदपथ गुडघ्याएवढा उंच असतो आणि उतार नसल्यामुळे चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी घेऊन येणाऱ्याला भर वाहतुकीत उतरावे लागते. जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना करून पुण्याने आणि निगडी प्राधिकरणातील ‘हरित सेतू’ हा पादचारी व सायकल मार्गांचा प्रकल्प हाती घेऊन पिंपरी-चिंचवडने, चांगला रस्ता आखता येतो हे आपापल्या हद्दीत दाखवले आहे. ते ज्ञान पुलाच्या पलीकडे पोहोचावे, एवढेच बाकी आहे.

बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, अनुभव मला याहून बोलका वाटतो. २०१५ मध्ये ‘रेनबो’ या एकाच नावाने दोन्ही शहरांत मार्ग सुरू झाले. बसची पायरी आणि थांब्याचा फलाट एका पातळीत आणण्याइतका बारकाईचा विचार त्यात होता. पुढे पुण्यातील नगर रस्त्यावरची मार्गिका काढून टाकण्यात आली. अशी मार्गिका सलग असेल तरच बसचा वेळ वाचतो. तिचा तुकडा काढायचा की राखायचा, हा निर्णय एकट्या महापालिकेचा राहिला, तर शेजारच्या शहराने केलेल्या खर्चाचे मोलही आपोआप कमी होते.

सगळ्या महानगराचा एकत्र आराखडा आखणाऱ्या महानगर नियोजन समितीची तरतूद ७४व्या घटनादुरुस्तीतच आहे आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य स्थानिक लोकप्रतिनिधींमधून निवडून यावेत, असे अनुच्छेद २४३-झेडई सांगतो. २०१५ पासून पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीमुळे दोन्ही शहरांतल्या इमारतींची सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), उंची आणि पार्किंग यांचे नियमही एक झाले. भिंतीच्या आतले सारे असे जुळत आले असताना भिंतीबाहेरचा रस्ता मात्र ज्याचा त्याचा राहिला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. दोन्ही महापालिका, कॅन्टोन्मेंट आणि पीएमआरडीए यांनी मिळून रस्ता-आराखड्याचा एक संयुक्त कक्ष स्थापन करावा, हद्द ओलांडणाऱ्या प्रत्येक रस्त्याचे एकच रेखाचित्र व एकच निविदा असावी आणि खर्च बससेवेप्रमाणे ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यावा. सुरुवात औंध आणि सांगवी यांना जोडणाऱ्या राजीव गांधी पुलापासून करता येईल. तिथे आराखडा कागदावर उतरण्याआधी दोन्हीकडच्या अभियंत्यांनी चाकाच्या खुर्चीवरील एखाद्या नागरिकाला सोबत घेऊन तो पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत एकत्र पार करावा.