फुंकर मारता येणारं लाकूड

न्यू जर्सीतल्या जुन्या घरांत कार्पेट उचकटलं की खाली बऱ्याचदा रेड ओक निघतो. आमच्याकडेही निघाला. सव्वादोन इंची पट्ट्या, गुलाबीसर तांबूस, आणि कार्पेटच्या खिळ्यांभोवती काळेनिळे डाग. या लाकडात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर, त्यात लोखंड आणि ओल भेटली की डाग पडणारच.

दुरुस्तीला आलेल्या म्हाताऱ्या सुतारानं एक तुकडा कापला, एक टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून स्ट्रॉमधून फुंकावं तशी फुंकर मारली. बुडबुडे! रेड ओकच्या नळ्या आरपार उघड्या असतात. व्हाइट ओकच्या मात्र आतून बुजतात, म्हणून व्हिस्कीची पिंपं त्याची. रेड ओकचं पिंप गळेल. पण याच पोकळपणामुळे तो क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू न देणारं डांबरी तेल, पोटभर पितो आणि रेल्वेच्या स्लीपरांना चालतो. तेव्हापासून कुणाकडे जेवायला गेले की टेबलाच्या कडेवरून नख फिरवते. नवरा डोळे वटारतो.

माझी लाकडाची अक्कल सगळी सागावर पोसलेली. आजोळी ओटीवर सुतारकाका रंधा मारायचे आणि त्यातून निघणाऱ्या वेटोळ्या सालींच्या आम्ही बांगड्या करायचो. हाताला तेलकट वास राहायचा. आजोबांच्या लेखी लाकूड म्हणजे सागवान, बाकी सगळं जंगली. ओक कापताना येणारा आंबूस वास त्यांना मुळीच खपला नसता. भाव मात्र त्यांनी नक्की विचारला असता, तोही घनफुटाचा. इथे बोर्ड फूट चालतो: फूटभर लांब, फूटभर रुंद, इंचभर जाड. असे 12 झाले की एक घनफूट.

कडकपणात ओक सागाला हरवतो. जंका चाचणीत पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवतात, ओकला त्यासाठी सुमारे 1290 पौंड जोर लागतो. पण पावसात ठेवून बघा! तिथे साग तो सागच.

हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की पट्ट्यांमध्ये फटी पडतात, उन्हाळ्यात आपोआप मिटतात. आई आली होती ती नेमकी जानेवारीत. "अगं, जमीन उलली की काय ही?" त्यात बादलीभर पाणी घेऊन पुसायची नाही म्हटल्यावर तर ती हबकलीच. अजूनही फोनवर विचारते, फरशी कधी बसवताय.

बघू म्हणते.