जोखमीच्या तक्त्यात जागा नसलेले धोके

चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत सुरक्षेचे काम करताना मला सातत्याने जाणवत आले आहे की प्रेस मशीनचे गार्ड, जमिनीवर सांडलेले तेल, क्रेनचे हुक यांची नोंद जोखमीच्या तक्त्यात बिनचूक होते. परंतु दर आठवड्याला बदलणारी पाळी, आयत्या वेळी गळ्यात पडणारा ओव्हरटाइम किंवा दोन वरिष्ठांनी एकाच कामगाराला दिलेल्या परस्परविरोधी सूचना यांना त्या तक्त्यात जागा नसते. ताण हा कामगाराच्या मनाचा दुबळेपणा समजून आपण सुरक्षा सप्ताहात तासाभराचे योग शिबिर भरवतो आणि मोकळे होतो. योगाला माझा विरोध नाही. तिसऱ्या पाळीतून सुटलेल्या माणसाला त्यासाठी थांबवून घेण्याला आहे.

कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले आयएसओ ४५००३ हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानक कामाचा भार, तास, भूमिकेतील संदिग्धता आणि वरिष्ठांचे वर्तन यांना धोके मानते व ते मुळाशी कमी करण्यास सांगते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मांडलेल्या निष्कर्षानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक असतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून जादा कामाला दुप्पट दर ठरवला. पण मूळ पगारात घर चालत नसल्यामुळे आज तो ओव्हरटाइम कामगार स्वतःच मागून घेतो, हेही मान्य केले पाहिजे.

नावीन्याचा, म्हणजे कामगारांनी नव्या सुधारणा सुचवण्याचा, प्रश्न येथेच येऊन मिळतो. कामाचा रेटा मोठा आणि त्यावर स्वतःचे नियंत्रण नगण्य, ही स्थिती सर्वांत घातक असते, तर तेवढाच रेटा असूनही निर्णयाची मुभा असेल तर माणूस त्यातून शिकतो, अशी मांडणी कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये केली. उत्पादनाची लाइन थांबवल्यास शिव्या खाव्या लागतील, ही धास्ती असलेला कामगार थोडक्यात टळलेला अपघात लपवतो आणि मशीनबाबत सुचलेली सुधारणाही स्वतःपाशीच ठेवतो. कंत्राटी कामगाराचे तर गणित सरळ आहे: ज्या कायझेनमुळे, म्हणजे कामातील छोट्या सुधारणेमुळे, लाइनच्या स्टेशनवरचा एक माणूस कमी होईल, ते त्याने का सुचवावे? तरीही सूचनापेटी रिकामी राहिली की व्यवस्थापन कामगारांच्या उदासीनतेला दोष देते.

आमच्याकडे पाळीचे वेळापत्रक आता पंधरा दिवस आधी लागते आणि सूचना एकाच सुपरवायझरने द्यायच्या, असे ठरले आहे. या दोन्ही गोष्टींना पैसा लागला नाही. कंत्राटाच्या मुदतीचा विषय मात्र सुरक्षा समितीच्या कक्षेत येत नाही, असे मला सांगण्यात आले. पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत मी तो पुन्हा घातला आहे.