थेंब घालण्याआधी सांगा

एम.ए.च्या शेवटच्या सत्रात माझं सगळं वाचन पडद्यावर आलं. डोंबिवली ते कुर्ला लोकलमध्ये मोबाइलवर पीडीएफ, कलिनाला विद्यापीठात लॅपटॉप, रात्री पुन्हा मोबाइल. संध्याकाळी डोळे चुरचुरायचे, पापणीखाली वाळू अडकल्यासारखं खुपायचं आणि मध्येच पाणीही वाहायचं. डोळा कोरडा पडला की चुरचुरीमुळे असं पाणी येतं, हे तेव्हा माहीत नव्हतं. केमिस्टकडून लाली घालवणारे थेंब आणून तीन आठवडे घातले. ते करू नका. लाली तेवढ्यापुरती जाते आणि थेंब सोडले की जास्त येते.

मग सरकारी रुग्णालय गाठलं. केस पेपर लगेच मिळाला. चष्म्याचा नंबर तपासला, काही निघालं नाही. त्यानंतर सगळ्यांना एका बाकावर बसवून बाहुली मोठी करणारे थेंब घालत होते. मी म्हटलं, "सिस्टर, माझे डोळे कोरडे पडतात, त्यासाठी आलेय." त्या म्हणाल्या, "सगळ्यांनाच घालतो. मान वर करा." दोन तास, तीन वेळा थेंब. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "हे का घातले? आता अश्रूंची तपासणी बरोबर येणार नाही. पुढच्या मंगळवारी या." एवढंच. बाहेर कडक ऊन, प्लॅटफॉर्मवरचा इंडिकेटर वाचता येईना, शेजारच्या काकूंना विचारून गाडी पकडली. संध्याकाळपर्यंत जवळचं एक अक्षर दिसलं नाही.

पुढच्या मंगळवारी तोच बाक, तीच बाटली. मी डोळ्यांवर हात धरला. सिस्टर म्हणाल्या, "पेपरवर कुठे लिहिलंय?" खरंच लिहिलेलं नव्हतं. डॉक्टर येऊन लिहीपर्यंत पाऊण तास उभी राहिले. अजून आठवलं की चीड येते. म्हणून सांगते, आधी तपासणी, मग थेंब, हे डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी केस पेपरवर लिहून घ्या. आणि लेन्स लावत असाल तर त्या दिवशी चष्मा घालून जा.

तपासणीला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. डोळ्यात नारिंगी रंग घालून निळ्या उजेडात बघतात. पापणी न मिटता अश्रूंचा थर 10 सेकंद तरी टिकायला हवा, माझा 4 सेकंदांत फाटला. मग खालच्या पापणीत कागदाची पट्टी 5 मिनिटं ठेवली, ती 14 मिलिमीटर भिजली. म्हणजे पाणी पुरेसं होतं, पण पापणीच्या कडेच्या ग्रंथींमधलं तेल नीट येत नव्हतं, त्यामुळे पाणी उडून जात होतं. एरवी आपण मिनिटाला साधारण 15 वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे बघताना ते निम्म्याहून खाली येतं, शिवाय पापणी अर्धीच मिटते आणि तेल पसरत नाही.

उपाय साधे निघाले. गरम पाण्यात पिळलेलं फडकं मिटलेल्या डोळ्यांवर 10 मिनिटं ठेवायचं, गार झालं की पुन्हा पिळायचं, मग पापणीची कड हलक्या बोटाने चोळायची. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू घालायचे. एसीचा झोत तोंडावर येईल अशा जागी मी आता बसत नाही. लॅपटॉप नजरेच्या खाली ठेवला की डोळा कमी उघडा राहतो, हेही तिथेच कळलं.

तीन महिन्यांनी 9 सेकंद आले. त्या दिवशी बाकावर शेजारच्या मुलीला मी आधीच विचारलं, "तुला काय होतंय?" ती म्हणाली, "वाळू गेल्यासारखं." तिचा केस पेपर घेऊन मी सिस्टरांच्या टेबलाशी गेले.