उन्हाला टिकेल अशी, स्वभावानं गरीब

फेब्रुवारी सरत आला की मला एकच प्रश्न सुरू होतो. कुणी फोनवर विचारतं, कुणी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसल्या बसल्या: "काकू, परसात चार-पाच कोंबड्या ठेवायच्यात. उन्हाला टिकेल आणि पोरांना टोचणार नाही अशी कुठली जात घेऊ?" तुम्हीही तेच विचारलंत. पंगतीत याचं उत्तर देईपर्यंत जिलेबी संपते, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आमचं गाव बार्शी तालुक्यातलं. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, आणि दुपारी दोन ते पाच अंगणात चिटपाखरू दिसत नाही. कोंबडीला घाम येत नाही, हे आधी लक्षात घ्या. तिचं अंग मुळातच ४१-४२ अंशांवर तापलेलं असतं. बाहेरची हवाही तेवढीच तापली की उष्णता टाकायला तिच्याकडे फारसं काही उरत नाही. तुरा आणि गळ्याखाली लोंबणारं लाल कातडं यांतून थोडी जाते, पंख अंगापासून सोडवून धरले की थोडी जाते, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. चोच उघडी, गळा थरथरतोय, अशी कोंबडी दिसली तर ती कुत्र्यासारखी श्वासावाटे पाणी उडवून अंग गार करत असते. त्या धापांत रक्तातला कर्बवायू इतका बाहेर जातो की अंड्याचं कवचसुद्धा पातळ पडतं. मे महिन्यात अंडं हातात घेताच दबलं तर कोंबडीला नावं ठेवू नका.

हे सगळं मी शिकले ते नुकसान करून. आठेक वर्षांपूर्वी हौसेनं गिरिराज आणि वनराजची पिल्लं आणली होती. दोन्ही जाती चांगल्या आहेत. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं काढलेली, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं. स्वभावानं गाय. मी अंगणात बसले की पायावर येऊन बसायच्या. वर्षाला शंभराच्या पुढे अंडी, गावरानच्या जवळजवळ दुप्पट. मीही सगळ्यांना सांगत सुटले होते, हीच घ्या म्हणून. मग एका मे महिन्यात आम्ही लग्नाला गेलो आणि परत यायला संध्याकाळचे सहा वाजले. पाण्याचं पातेलं सकाळी सावलीत ठेवलं होतं, पण दुपारनंतर सावली सरकली आणि पाणी चहासारखं गरम झालं. तीन कोंबड्या भिंतीच्या कडेला पंख पसरून आडव्या पडलेल्या, तुरे जांभळे. तिन्ही त्याच वजनदार जातींच्या. आणि सासूबाईंच्या काळापासून चालत आलेल्या गावरान कोंबड्या? त्या न्हाणीच्या मोरीमागं, ओल्या मातीत पोटापुरते खड्डे उकरून निवांत पडल्या होत्या. चूक पातेल्याची, म्हणजे माझीच. पण त्या चुकीतून गावरान वाचली आणि तीन किलोची कोंबडी वाचली नाही. मोठ्या अंगातून उष्णता सावकाश निघते आणि भारी कोंबडी सावली शोधत फिरायचा कंटाळाही करते.

म्हणून पहिलं उत्तर: उन्हासाठी हलक्या अंगाची, मोठ्या तुऱ्याची कोंबडी बघा. पण मग तुम्ही म्हणाल, व्हाइट लेगहॉर्न घेतो. हलकी आहे, तुरा एवढा मोठा की कोंबडीचाही एका बाजूला कलतो, ऊन छान सोसते, अंडी तर रोजच्या रोज. सगळं खरं. पण ती भित्री. तुमचा नातू नुसता धावत आला तरी पाच फुटांची भिंत ओलांडून शेजाऱ्याच्या तुरीत. पिंजऱ्यातल्या धंद्याला उत्तम, नातवंडांना नाही.

"गरीब" या शब्दाचेही दोन अर्थ वेगळे काढा. माणसांशी गरीब आणि आपसात गरीब. असीलचं उदाहरण घ्या. झुंजीचा पक्षी म्हणून तिचं नाव ऐकूनच लोक दचकतात. पण असील माणसाच्या हातात मांजरासारखा शांत राहतो, कडेवर घेऊन फिरा. त्याचा राग सगळा दुसऱ्या कोंबड्यावर. एका अंगणात दोन असील नर ठेवलेत तर एक मरेल आणि दुसरा मरणाच्या दारात जाईल. शिवाय अंडी मोजकीच.

कडकनाथबद्दल फार विचारतात. मध्य प्रदेशातल्या झाबुआचा काळा पक्षी, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेला. ऊन सोसतो, पण माझ्याकडचे कडकनाथ तरी बुजरे निघाले, आणि कडकनाथची मादी सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही. अंडी गावरान कोंबडीखाली ठेवावी लागतात. चवीसाठी पाळा, हरकत नाही. अंड्यांना पन्नास रुपये मिळतील या आशेनं पाळू नका. त्या आशेत आपल्या भागात किती घरं बुडाली, तुम्ही बातम्यांत वाचलंच असेल.

मग मी स्वतः काय ठेवते? गावरानच, पण निवडून. आणि त्यात बोडक्या मानेच्या.

बोडक्या मानेची कोंबडी बघितली की नवखी माणसं "अगं बाई, हिला काय झालंय?" म्हणतात. काही झालेलं नसतं, जन्मतःच मानेवर पिसं नसतात आणि अंगावरही कमी असतात. युरोपात तिला ट्रान्सिल्व्हेनियाची म्हणून ओळखतात. आपल्याकडेही गावरान कळपांत अधूनमधून ती निघतेच. पिसं कमी म्हणजे अंगातली उष्णता सरळ बाहेर. शिवाय हा गुण प्रबळ असतो, आई किंवा बाप एकाकडून मिळाला तरी पिल्लात उतरतो. गळ्याच्या पुढच्या बाजूला पिसांचा छोटा झुपका राहिला असेल तर ओळखा, गुण एकाकडूनच आलाय. मान अगदी स्वच्छ असेल तर दोघांकडून. माझी लाडकी कोंबडी झुपक्याची आहे. दिसायला गिधाडाची भाची, पण मे महिन्यात बाकीच्या धापा टाकत असताना ही चिंचेखाली चरत असते. बरेलीच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं याच गुणावर 'हितकारी' नावाची संकरित जात काढली आहे. ती मिळाली तर घ्या, नाही मिळाली तर आठवडी बाजारात मान बघत फिरा.

आता स्वभाव. इथं जातीपेक्षा कोंबडा महत्त्वाचा. आमच्याकडे एक देखणा लाल कोंबडा होता, शेपटीला हिरवी झाक. दोन वर्षं मी त्याला पिल्लांसाठी ठेवला. एक दिवस त्यानं नातवाच्या पोटरीत पायामागचा काटा रुतवला. रविवारी त्याचा रस्सा झाला, पण खरी अद्दल पुढच्या वर्षी घडली: त्याची मुलं वाढली आणि तीही अंगावर यायला लागली. तेव्हापासून माणसावर येणारा कोंबडा मी सहा महिन्यांच्या पुढे ठेवत नाही, कितीही देखणा असो. चार पिढ्या असं केलं आणि आता आमच्याकडचे कोंबडे नातवाच्या हातातून बाजरी टिपतात. तुम्हाला नुसती अंडीच हवी असतील तर कोंबडा नसला तरी चालतो. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी घालते. हे शहरातल्या लोकांना सांगितलं की खोटं वाटतं.

रत्नागिरी-मालवणकडच्या मंडळींसाठी वेगळं सांगते. आमच्याकडे हवा कोरडी, त्यामुळे खुराड्यावर ओलं गोणपाट टाकलं की आत बरंच गार होतं. तुमच्याकडे हवेतच इतकं पाणी की गोणपाट नुसतं कुबट होतं, आणि धापा टाकूनही कोंबडीला सुख लागत नाही. तिथं वारा महत्त्वाचा. खुराड्याच्या दोन भिंतींना जाळी मारा, पत्र्याऐवजी झावळ्या घाला, आणि बोडक्या मानेची कोंबडी तर तुम्ही आमच्याआधी घ्यायला हवी.

कुठलीही जात घेतलीत तरी दुपारी अकरा ते चार दाणे टाकू नका. पचनातही उष्णता निघते, ती वेगळी. पहाटे आणि ऊन उतरल्यावर टाका. पाणी मातीच्या भांड्यात, दुपारी एकदा बदलून. आणि मोटारसायकलवर गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकत येतात ती पोरांच्या हट्टापायी घेऊ नका. ती बहुतेक अंडी उबवण्याच्या कारखान्यातून टाकून दिलेले नर असतात, आठवड्यात पोरं रडतात.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस मात्र चुकवू नका. पिल्लं आठवड्याची व्हायच्या आत डोळ्यात लासोटा लशीचा थेंब आणि दोन महिन्यांनी टोचणी. उन्हाला टिकलेला कळप मानमोडी चार दिवसांत साफ करते. लशीची बाटली साधारण १०० पक्ष्यांची असते आणि फोडल्यावर टिकत नाही. गल्लीतल्या चार घरांनी एकाच सकाळी करा, खर्चही वाटून जातो.

माझी झुपकेवाली परवाच खुडूक झाली. उन्हाळ्यात फार अंडी ठेवू नयेत म्हणून तिच्याखाली अकराच ठेवली आहेत, जिन्याखालच्या गार कोपऱ्यात, पाटीत वाळू आणि कडुनिंबाचा पाला घालून. २१ दिवस मोजा. पिल्लं निघाली की दीड महिना आईबरोबर राहू द्यायची, मग तुमच्यासाठी दोन तलंगा (कोवळ्या माद्या) आणि एक नर बाजूला काढते. मान बोडकी निघेल की नाही हे मी सांगू शकत नाही, पण बाप गरीब आहे. येताना डालगं (कोंबड्या न्यायची टोपली) तुमचं तुम्ही आणा. मागच्या वेळी नेलेली माझी दोन अजून कुणी परत केलेली नाहीत.