आमची वाटचाल: वहीत नसलेल्या मुद्दलाचा हिशेब

दादरच्या आमच्या कार्यालयात येणारे बहुतेक ग्राहक चाकरमानी असतात. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात वडिलोपार्जित जमीन, सातबाऱ्यावर नाव, आणि त्या जमिनीची किंमत म्हणजे गुंठ्याचा भाव. आमची सुरुवात त्यांच्या बागांचा वार्षिक हिशेब ठेवण्यापासून झाली. वहीत आंब्याच्या पेट्या, मजुरी, खत, वाहतूक सगळे येई. माती, पाणी आणि झाडांची ताकद यांना रकानाच नव्हता. आज तो रकाना भरणे हेच आमचे मुख्य काम आहे.

तो का लागतो, हे कराराने दिलेल्या हापूसच्या बागेत सर्वांत स्वच्छ दिसते. करारदाराला मुदतीतले पीक हवे असते, म्हणून कल्टारचे, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणाऱ्या औषधाचे, माप सुटते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला 3 मिली, 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान. मात्रा वाढवली आणि खत तेवढेच ठेवले, तर आधी पेट्या वाढतात. मग पालवी आखूड होते, मोहोर गुच्छासारखा येतो, फांद्या वाळू लागतात. वहीत ही वर्षे फायद्याची दिसतात. प्रत्यक्षात मुद्दल खाल्लेले असते. म्हणून करार सुरू होतानाच आम्ही झाडागणिक घेर, विस्तार आणि वाळक्या फांद्या नोंदवतो, आणि बाग परत करण्याची अट त्याच नोंदीवर बांधतो. जंगली झाडाचा घेर 1.37 मीटर उंचीवर घेतात. कलमी आंबा त्याखालीच फुटतो, म्हणून कलमाच्या सांध्याच्या वर, पहिल्या फांदीखाली रंगाचा पट्टा मारायचा आणि दरवेळी टेप तिथेच लावायचा.

सर्वांत जास्त वेळ मातीला जातो. सेंद्रिय कर्बाची (कार्बनची) टक्केवारी गुणिले मातीची घनता गुणिले सेंटिमीटरमधली खोली, की हेक्टरी टनांत कर्ब मिळतो. टक्केवारी 1.2, घनता 1.2 आणि खोली 30 धरली तर 43.2 टन. पण जांभ्याच्या जमिनीत हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. प्रयोगशाळा 2 मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेलीच माती तपासते. शेतात मात्र आकारमानाने 40 टक्के खडे असू शकतात. ते वजा केले की 43.2 टनांचे 25.9 होतात. घनतेसाठी लोखंडी रिंग ठोकून अखंड नमुना काढतो आणि 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवतो. पुढची मोजणी त्याच जागी, त्याच महिन्यात, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. जमीन भुसभुशीत झाली असेल तर 30 सेंटिमीटरमध्ये माती कमी मावते आणि कर्ब घटल्याचा भास होतो. तेव्हा तुलना खोलीने न करता मातीच्या समान वजनावर करावी लागते. दरवर्षीचा फरक मोजणीच्या चुकीतच बुडतो, म्हणून ताळेबंद पाच वर्षांनी.

हा कर्ब म्हणजे साठवलेले नत्रही आहे. मातीत कर्ब आणि नत्राचे प्रमाण साधारण 10 ते 12 ला 1 असते. 10 ला 1 धरले तर एक टन कर्ब गेला की 100 किलो नत्र गेले, म्हणजे युरियाच्या 45 किलोच्या जवळपास पाच गोण्या. राबासाठी दरवर्षी ऐन, किंजळ ही झाडे छाटून पालापाचोळा आणि शेणासह दाढ, म्हणजे भाताची रोपे करायची जागा, भाजली जाते, तेव्हा हेच जळते. भाताचे रोप जोमदार येते आणि तण मरते हे खरे आहे, म्हणून नुसते ‘भाजू नका’ सांगून भागत नाही. गादीवाफ्यासाठी कुजलेले खत आणि तण काढायची मजुरी यांची तरतूद आधी करावी लागते.

पाण्याचे गणित वेगळे. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. 3,000 मिलिमीटरचे 3 कोटी लिटर होतात, तरी एप्रिलमध्ये टँकर लागतो. जांभ्यातली विहीर लवकर भरते आणि लवकर उतरते. गणपतीला गावी गेल्यावर दिसणारी काठोकाठ विहीर काही सांगत नाही. दिवाळीपासून मेपर्यंत दर महिन्याला, सकाळी पंप सुरू होण्याआधी, कठड्यावरच्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर घ्यावे. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे 7,000 लिटर. वरच्या उतारावर सलग समतल चर (एकाच पातळीत जाणारे आडवे चर) खणल्यावर हे उतरणे मंदावले का, ते अशा नोंदीवरून कळते. कमी-जास्त पावसाची वर्षे मात्र वेगळी काढून पाहावी लागतात. चराची पातळी ए-फ्रेमने (ओळंबा लावलेल्या A आकाराच्या चौकटीने) किंवा पाण्याच्या नळीने न घेता नजरेने घेतली, तर पाणी एका टोकाला साचते, बांध फोडते आणि तिथे घळ पडते. प्लॅस्टिक अंथरलेले शेततळे आम्ही यंत्रसामग्रीच्या खात्यात, घसारा लावून धरतो. त्यातून जमिनीत काही मुरत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च 2021 मध्ये परिसंस्थांच्या हिशेबाची चौकट स्वीकारली. ती देशांसाठी आहे. आम्ही तिच्यातून परिमाण आणि पैसा वेगळ्या तक्त्यांत ठेवण्याची शिस्त घेतली. रुपये लावताना दुबार मोजणी होऊ देत नाही. वाढलेल्या पाण्यामुळे पीक वाढले असेल, तर ती किंमत पिकात आलीच. पुन्हा पाण्यात धरायची नाही. कार्बन क्रेडिटही (साठवलेल्या कर्बाबद्दल मिळणारे, विकता येणारे प्रमाणपत्र) पडताळणी होऊन हाती पडेपर्यंत उत्पन्नात दाखवत नाही. लागवडीच्या प्रकल्पात आधीपासून उभ्या झाडांना क्रेडिट मिळत नाही, आणि दोन-चार एकरांवर पडताळणीचा खर्चच परवडत नाही. लागवड वणव्यात गेली तर सगळेच गेले, म्हणून गवत वाळू लागताच जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढणे हा खर्च आमच्या अंदाजपत्रकात सर्वांत वर असतो.

जमीन विकत घेऊन द्या, असेही लोक सांगतात. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1948 च्या कलम 63 नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ते काम आम्ही करत नाही. ज्यांचा सातबारा सामाईक आहे त्यांनी पहिल्या मोजणीआधी सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती आणावी. कार्बनचे करार काही दशकांचे असतात, आणि एका हिस्सेदाराने मधेच झाडे तोडली तर परतफेड सगळ्यांच्या अंगावर येऊ शकते.