आईसाठी पायरी, घाटासाठी उजेड

आमच्या डबल केबिन पिकअपच्या केबिनची जमीन रस्त्यापासून 57 सेंटिमीटर उंच आहे. हा आकडा मी गाडी घेतल्यानंतर सहा वर्षांनी, गेल्या दिवाळीत, पहिल्यांदा टेप लावून मोजला, कारण तोपर्यंत त्याची गरजच पडली नव्हती. आईचे वय 74, डावा गुडघा दुखरा, आणि ती नऊवारी नेसते. सासवडजवळच्या शेतावर जाताना आम्ही तिच्यासाठी प्लॅस्टिकचे स्टूल ठेवायचो, एकाने ते पायाने दाबून धरायचे आणि दुसऱ्याने तिला हात द्यायचा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या रे, मी घरीच बरी." ज्या अंजिराच्या बागेला तिने पंचवीस वर्षे पाणी धरले, त्या बागेत जायचे ती केवळ एका पायरीसाठी नाकारत होती. त्याच संध्याकाळी मी विजेवर चालणाऱ्या पायऱ्यांची चौकशी सुरू केली.

पक्का बसवलेला पाइपचा फूटस्टेप आमच्या गाडीला आधी होता. तो जमिनीपासून 41 सेंटिमीटरवर होता, म्हणजे आईच्या दृष्टीने तो असून नसल्यासारखाच. शिवाय तो कायम खाली लोंबत असल्यामुळे शेताकडच्या वाटेवरच्या ओघळीत दोनदा घासून वाकला होता आणि पुण्याच्या पेठांतल्या गल्ल्यांतून जाताना शेजारच्या स्कूटरला लागेल की काय अशी धास्ती वाटायची. विजेवरची पायरी दार उघडले की खाली आणि बाहेर येते व दार लावल्यावर पुन्हा गाडीच्या पोटाशी जाऊन बसते. आता ती उघडल्यावर जमिनीपासून 27 सेंटिमीटरवर थांबते आणि तिथून केबिन 30 सेंटिमीटर राहते. आमच्या जिन्याच्या पायरीपेक्षा ही उंची अजूनही जास्त आहे, पण दाराच्या खांबावर एक हँडल बसवल्यानंतर आई कोणाचाही हात न धरता चढू लागली.

या यंत्रणेत फार गूढ काही नाही. प्रत्येक बाजूला ॲल्युमिनियमची एक लांब पट्टी असते आणि ती दोन बिजागरीच्या हातांवर तोललेली असते. त्यांपैकी एका हाताला मोटर असते, दुसरा नुसता तिच्यामागे चालतो. दारांवर चार चुंबकी सेन्सर असतात आणि त्यांच्याकडून आलेला निरोप कंट्रोलर मोटरला देतो. पायरी मिटताना मध्ये काही अडकले तर मोटरचा करंट एकदम वाढतो, कंट्रोलर ती वाढ ओळखतो आणि मोटर थांबवतो. बसवून झाल्यावर ही गोष्ट मी स्वतः तपासली. मिटणाऱ्या पायरीत आधी गुंडाळलेला टॉवेल धरला, मग लाकडाची फळी धरली, आणि दोन्ही वेळा ती थांबून परत उघडली. घरात लहान मुले असतील तर ही तपासणी झाल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या मॉडेलसाठी तयार ब्रॅकेट मिळाले नाहीत, म्हणून भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडून 6 मिलिमीटर जाडीच्या पट्टीतून ते करून घेतले. चॅसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, एकही नवे भोक पाडायचे नाही आणि वेल्डिंग करायचे नाही, ही अट मी कामाआधीच घातली होती. पिकअपचे सगळे ओझे चॅसिस पेलते, आणि नको त्या जागी पाडलेल्या भोकापासून तडा सुरू होऊ शकतो. कंपनीने पाडलेली भोके शोधून त्यांतच बोल्ट बसवायला एक दिवस जास्त लागला, पण तो दिवस वाया गेला असे मला वाटत नाही.

बसवणी नीट झाली, मात्र वायरिंगने दगा दिला. ते काम मी घाईने शहरातल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात उरकून घेतले होते. पायरीखाली चार छोटे एलईडी दिवे आहेत, जे दार उघडल्यावरच लागायला हवेत. दुकानातल्या मुलाने त्यांची तार कंट्रोलरमधून न घेता थेट बॅटरीच्या कायम चालू असलेल्या तारेला जोडली आणि वर काळी टेप गुंडाळली. पायरी मिटली की दिवे गाडीच्या पोटाखाली दडायचे, त्यामुळे दिवसा काही कळायचे नाही. मी आठ दिवसांसाठी नागपूरला गेलो. परत आलो तर गाडी सुरू होईना, बॅटरीवर मीटर लावला तर 10.9 व्होल्ट. सोसायटीचे वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, तुमच्या गाडीखाली रोज रात्री उजेड दिसायचा, मला वाटलं तशीच पद्धत असेल." हिशेब सोपा आहे. चार दिवे मिळून सुमारे 6 वॅट, म्हणजे अर्धा ॲम्पिअर, दिवसाला 12 ॲम्पिअर-तास आणि आठ दिवसांत 96. आमची बॅटरी 80 ची आहे. नंतर टेप सोडवली तेव्हा आत तांब्याच्या तारा नुसत्या पीळ देऊन जोडलेल्या दिसल्या आणि त्यांवर हिरवट गंज चढू लागला होता.

त्या दिवशी मी ठरवले की घाटात रात्री नीट दिसावे म्हणून हेडलाइट सुधारण्याचे पुढचे काम सुरू करण्याआधी गाडीची वायरिंग मुळापासून नीट करायची, आणि ती अशा माणसाकडून करायची जो टेपवर विसंबत नाही. भोसरीतच एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन भेटले. त्यांनी माझे हेडलाइट पाहिले, बॉनेट उघडले आणि दिव्याची किंमत विचारण्याऐवजी मीटर मागवला. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.9 व्होल्ट होते आणि बल्बच्या कपलरवर, म्हणजे तार जोडायच्या प्लगवर, 11.9. "दादा, दोन व्होल्ट वाटेतच सांडतात, आणि तुम्ही नवे दिवे घ्यायला निघालात," असे ते म्हणाले. कंपनीची बारीक तार बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत जाऊन परत पुढे येते, वर जुने कपलर आणि सैल अर्थिंग, या सगळ्यात तो दाब उतरत होता.

हॅलोजन बल्बच्या बाबतीत ही गळती फार महाग पडते, कारण त्याचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी न होता त्याच्या साधारण 3.4 व्या घाताने कमी होतो. उपाय जुना आणि स्वस्त आहे. डॅशबोर्डच्या स्विचने फक्त रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) चालवायचा आणि बल्बचा खरा करंट बॅटरीपासून जाड तारेने रिलेमार्गे थेट न्यायचा. रिलेच्या 85 आणि 86 क्रमांकांच्या टोकांना स्विचचा जुना प्रवाह, 30 ला बॅटरी, 87 ला बल्ब. लो बीम आणि हाय बीमसाठी वेगळे रिले, बॅटरीपासून वीतभर अंतरावर प्रत्येकाचा फ्यूज, 2.5 स्क्वेअर एमएमची तार, जोडाला सोल्डर आणि वर हीट श्रिंक ट्यूब, आणि अर्थिंग रंग खरवडून थेट बॉडीला. सगळे झाल्यावर त्याच कपलरवर 13.4 व्होल्ट आले. 11.9 वरून 13.4 म्हणजे व्होल्टेज जेमतेम 13 टक्के वाढले, पण त्याच 60/55 वॅटच्या बल्बचा प्रकाश जवळजवळ दीडपट झाला. 100 आणि 130 वॅटचे बल्ब बाजारात सहज मिळतात, पण ते रस्त्यावर वापरण्यासाठी नाहीत, आणि त्यांच्या उष्णतेने रिफ्लेक्टरची चकाकी उतरते व कपलर वितळतात.

याआधी मी एक चूक केली होती, ती इथे मोकळेपणाने सांगतो. नाना पेठेतून मी 6000 केल्विनचे पांढरेशुभ्र एलईडी बल्ब आणले होते, जे हॅलोजनच्या जागी थेट बसतात. बसवल्यावर पार्किंगची भिंत लख्ख उजळली आणि मी खूश झालो. मग धाकट्या भावाला त्याची छोटी गाडी घेऊन समोर पन्नास पावलांवर बसायला सांगितले आणि मी माझ्या उजव्या हेडलाइटच्या शेजारी हातात पिशवी घेऊन उभा राहिलो. मी दिसतो का, असे फोनवर विचारले. तो म्हणाला, "तू कुठे आहेस? मला फक्त दोन सूर्य दिसतायत." मी दिव्यापासून दीड फुटावर उभा होतो.

कारण रिफ्लेक्टरच्या भूमितीत आहे. एच-4 प्रकारच्या हॅलोजन बल्बमध्ये लो बीमच्या तारेखाली (फिलामेंटखाली) धातूची एक छोटी वाटी असते, ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते आणि त्यातूनच भिंतीवर ती सरळ कडा तयार होते, जिच्यावर अंधार आणि जिच्याखाली उजेड असतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक पैलू त्या एका तारेच्या जागेसाठी आखलेला असतो. एलईडीच्या चिप्स पट्टीच्या दोन्ही अंगांना असतात आणि त्या अगदी तारेच्या जागी बसत नाहीत, म्हणून प्रकाश वरही उधळतो. गाडीसमोरचे दहा मीटर झगझगतात, डोळ्याला वाटते की खूप दिसते आहे, आणि दूरचे मात्र आधीपेक्षा कमी दिसते. सासवडच्या वाटेवरच्या दिवे घाटात जेजुरीकडून येणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांना पुष्कळदा मागे रिफ्लेक्टरही नसतो, आणि आषाढी वारीत त्याच घाटातून माउलींची पालखी चढते, तेव्हा मागे-पुढे राहिलेले वारकरी पहाटेच्या अंधारातही रस्त्याच्या कडेने चालत असतात. समोरच्या चालकाला मी आंधळा केला तर तो कोणाच्या अंगावर जाईल, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते बल्ब मी काढून टाकले.

प्रोजेक्टर दिवे (भिंगातून प्रकाश टाकणारे) घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून आपल्या लो बीमची कडा डावीकडे वर चढते, म्हणजे रस्त्याची कड आणि पाट्या दिसतात. उजव्या बाजूने चालणाऱ्या देशांसाठी बनवलेल्या दिव्यात ती उजवीकडे चढते, म्हणजे नेमकी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. खोक्यावर हे ठळक लिहिलेले नसते, भिंतीवर दिवा टाकला की लगेच दिसते.

दिव्यांचा कोन लावायला आम्हाला एक तास लागला आणि संपूर्ण कामातला हा तास मला सर्वांत मोलाचा वाटतो. सपाट जमिनीवर गाडी भिंतीपासून 5 मीटरवर उभी केली, टायरमधली हवा बरोबर केली, चालकाच्या जागी मी बसलो. आमच्या हेडलाइटचा मध्य जमिनीपासून 92 सेंटिमीटरवर आहे, तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूची रेघ मारली आणि प्रकाशाची कडा तिच्या साडेसहा सेंटिमीटर खाली आणली. एवढा उतार दिला की ती कडा सुमारे 70 मीटरवर जमिनीला टेकते. पिकअपची खरी अडचण पुढे येते. सीताफळाचे क्रेट भरून पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डला निघालो की मागचा भाग बसतो आणि नाक वर होते. नाक एका अंशाने जरी उचलले गेले तरी आपण दिलेला सगळा उतार संपून प्रकाश वर जायला लागतो. डॅशबोर्डवर 0 ते 3 आकड्यांची जी चकती असते ती याचसाठी आहे, आणि सहा वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. आता भरलेल्या गाडीला 2 वर आणि रिकाम्या गाडीला 0 वर, हे माझे ठरलेले आहे.

याशिवाय हेडलाइटच्या खाली बंपरमध्ये पिवळे फॉग लॅम्प घेतले आणि मागच्या हौद्याच्या कडेखाली एलईडीची एक पट्टी लावली, जिचा स्विच वेगळा आहे आणि जी फक्त माल उतरवताना लागते. टपावरच्या लाइट बारचा मोह अनेकांना होतो, मी तो घेतला नाही. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 गाडीतल्या फेरफारांवर मर्यादा घालते आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्याच वेताळ टेकडीवर 1966 पासून एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही संस्था आहे, जिथे वाहनांचे दिवे प्रयोगशाळेत मोजले जातात. ज्या दिव्याचा असा कसलाच तपास झालेला नाही तो गाडीवर चढवण्याआधी, या शहरात राहणाऱ्याने तरी विचार करावा. पायरी आणि फॉग लॅम्पची माहिती मी विमा कंपनीला लेखी कळवली आहे.

पायरीखालचे ते चार दिवे आता कंट्रोलरमधून जोडलेले आहेत आणि दार लावल्यावर काही सेकंदांत विझतात. शेतावर रात्री उतरताना पायाखाली दगड आहे, पाणी आहे की आणखी काही, ते आईला पाय टेकवण्याआधी दिसते. परवा ती उतरताना पायरीवर क्षणभर थांबली, नऊवारीचा काठ एका हाताने उचलला, खाली पाहिले आणि म्हणाली, "चिखल आहे, गाडी जरा पुढं घे."

तोच चिखल आता पायरीचा खरा शत्रू आहे. बिजागरीत तो वाळला की मोटरला जोर पडतो आणि कंट्रोलर त्याला अडथळा समजून पायरी अर्ध्यावर थांबवतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी पायरी उघडी ठेवून मी बिजागऱ्या पाण्याने धुतो आणि वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारतो. ग्रीस लावत नाही, त्याला धूळ चिकटते. डाव्या मोटरच्या कपलरचे तोंड खाली, चाकाच्या उडणाऱ्या पाण्याच्या दिशेला आले आहे. ते वरच्या बाजूला वळवून बांधायचे काम अजून राहिले आहे, आणि मृगाच्या आधी ते करायचे आहे.